नाव एक, ठाव दोन



दूरच्या वाटेला लागण्यापूर्वी देवाच्या पायांशी यावे, आपले सांगणे करावे, पाकळ्यांचा प्रसाद लावावा आणि उजवा कौल मिळाला म्हणजे निःशंक मनाने पाऊल उचलावे, ही आपल्या पेडणे-डिचोली महालांतील पूर्वापार रीत आहे. पूर्वी ही वाट फार तर सावंतवाडी, बेळगाव, पंढरपूर किंवा मुंबई येथवर जात असे. आज ती दुबई, लंडन आणि लिस्बन येथवर जाते. वाहन बदलले, अंतर वाढले. कौल मागणारे मन मात्र तेच आहे. त्या मनाविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

गेल्या श्रावणात एका सोमवारी आरती आटोपल्यावर डिचोलीकडील एक माता चौकात थांबली होती. वय साठीच्या पुढे. मुलगा लिस्बनला नोकरीस, सुनेचे दिवस भरत आलेले आणि बाळंतपणासाठी हिने जावयाचे ठरलेले. जन्मात कधी विमानात पाऊल ठेवले नव्हते. प्रसाद लावून झाला होता, कौल मिळाला होता. तरी तिच्या हातातला एक कागद तिला स्वस्थ बसू देत नव्हता. तो कागद माझ्यापुढे धरून ती म्हणाली, “बुवा, मोपाहून मुंबई, मुंबईहून लंडन, लंडनहून लिस्बन. पण लंडनला उतरायचं तिथं एक नाव लिहिलंय आणि पुढं चढायचं तिथं दुसरंच. दोन्हीकडे लंडनच म्हटलंय, तेव्हा घर एक आणि दारं दोन असतील, नाही का?”

खरे सांगावयाचे तर मलाही ते ठाऊक नव्हते. तिचे समाधान करण्यासाठी “होय, माई, तसेच असेल” असे म्हणणे अगदी सोपे होते. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. सुदैवाने मोपा विमानतळावर कामास असलेला एक तरुण दर्शनास आला होता, त्याला हाक मारली. त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, “माई, ही दारं दोन नव्हेत, घरंच दोन आहेत. उतरायचं आहे हीथ्रोला आणि चढायचं आहे गॅटविकला. एक लंडनच्या पश्चिमेस, दुसरं दक्षिणेस. मधे सुमारे ६५ ते ७० किलोमीटरांची वाट. मोपाला उतरून दाबोळीहून विमान पकडायचं, असं समजा.”

माईचा चेहरा उतरला. दोन विमानांच्या मध्ये तिकिटात वेळ ठेवला होता साडेतीन तास.

श्रोतेहो, एका नावाने फसगत होण्याचा हा प्रकार आपणांस नवा वाटावयास नको. आपल्या भूमीनेच त्याचा धडा फार पूर्वी दिला आहे. दिवाडी बेटावर एक नार्वे आहे आणि मांडवीच्या पैलतीरावर, आपल्या डिचोली महालात, दुसरे नार्वे आहे. श्रीसप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे आराध्य दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात दिवाडीवरील देऊळ उद्ध्वस्त झाले, तेव्हा भक्तांनी देवाला नदीपार आणून डिचोलीच्या भूमीत स्थापिले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला, आणि आपल्या काळात, २०२३ साली, नूतनीकरण होऊन ते पुन्हा भाविकांस खुले झाले. देवाचे नाव तेच, गावाचे नावही तेच. पण मध्ये नदी आहे. आजही कोणी परगावचा मनुष्य “नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावयाचे आहे” असे म्हणत दिवाडीच्या नार्व्यास जाऊन उभा राहिला, तर त्याला पुन्हा फेरीबोट गाठावी लागेल. नाव खरे होते, श्रद्धा खरी होती, ठाव मात्र चुकला.

शास्त्राने साधकाला पहिली पायरी विवेकाची सांगितली आहे. विवेक म्हणजे निवड. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू वेगळ्या ओळखण्याची शक्ती. नाम एक म्हणून वस्तू एक, असे धरून चालणे हाच अविवेक. परमार्थात तो साधकाला घोटाळ्यात पाडतो, आणि व्यवहारात तो एखाद्या म्हातारीला परक्या नगरीत सामानासह अडवून ठेवतो.

ही गोष्ट आता लंडनपुरतीही उरलेली नाही. आपल्या गोव्यात १९५५ पासून दाबोळीचा एकच विमानतळ होता. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. तेव्हापासून तिकिटावर केवळ “गोवा” एवढे वाचून भागत नाही. त्याखालची तीन अक्षरे वाचावी लागतात: दाबोळीस जीओआय, मोपास जीओएक्स. ज्या पेडणेकराच्या घरापासून मोपा हाकेच्या अंतरावर आहे, त्याच्या पाहुण्याने दाबोळीचे तिकीट काढले, तर पाहुण्याला अर्धा गोवा ओलांडून यावे लागते. मुंबईचेही आता तसेच झाले आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी होऊन त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथे विमाने ये-जा करू लागली. न्यूयॉर्कला एक विमानतळ तर शेजारच्या न्यू जर्सी राज्यात आहे. पॅरिस आणि टोकियो येथेही दोन-दोन मोठे विमानतळ आहेत. लंडनच्या बाबतीत तर संपूर्ण शहराचे म्हणून एक निराळे चिन्ह आहे, एलओएन. त्याच्या पोटात हीथ्रोचे एलएचआर, गॅटविकचे एलजीडब्ल्यू अशी अनेक चिन्हे येतात. शहराचे चिन्ह पाहून निश्चिंत होणारा मनुष्य हा दोन्ही नार्वे एकच समजणारा मनुष्य होय.

आता त्या माईच्या कागदाकडे पुन्हा वळू. त्या तरुणाने तिला आणखी एक प्रश्न विचारला: “माई, पासपोर्टावर ब्रिटनचा व्हिसा आहे का?” ती म्हणाली, “मला ब्रिटनला कुठं राहायचंय? मी तर लिस्बनला चालले. तिकडचा व्हिसा मुलानं काढून दिलाय.” तिचे बोलणे सरळ मनाचे होते, पण राज्यांच्या सीमा सरळ मनाला ओळखत नाहीत. पोर्तुगाल हा शेंगेन करारातील देश, ब्रिटन त्या करारात नाही. अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा हाती असला तरी भारतीय पासपोर्ट धारण करणाऱ्यास लंडनच्या एका विमानतळातून बाहेर पडून दुसऱ्या विमानतळास जावयाचे, तर तो ब्रिटनच्या भूमीवर पाऊल ठेवणे होय. त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. केवळ वाटेवरून जाणाऱ्यासाठी असा एक व्हिसा आहे. त्यावर ४८ तासांच्या आत पुढे निघावे लागते. तो काढताना केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते आणि हाती येईपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात. काही देशांचे व्हिसा असणारांस सवलती आहेत, आणि हे नियम बदलतही असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ब्रिटिश सरकारचे चालू नियम पाहावेत आणि विमान कंपनीसही विचारावे. माईजवळ तो व्हिसा नव्हता. याचा अर्थ असा की, लंडनची गोष्ट दूरच राहिली. मुंबईच्या खिडकीवरच तिला मागे फिरवले गेले असते.

ती हळूच म्हणाली, “कौल तर उजवा मिळाला होता, बुवा.”

मी म्हटले, “माई, कौल उजवा होता म्हणूनच तुम्हांला विचारण्याची बुद्धी झाली.”

भक्तजनहो, आजच्या प्रवचनाचे सार एवढेच आहे. आपण देवाला विचारावयास लाजत नाही. शेताचे विचारतो, लग्नाचे विचारतो, हरवलेल्या गुराचेही विचारतो. मग माणसाला वाट विचारताना आपली जीभ का जड व्हावी? परदेशच्या विमानतळावर गणवेश घातलेल्या मनुष्यासमोर उभे राहिले की आपणांस वाटते, हा मला अडाणी समजेल, माझे बोलणे ऐकून हसेल. ह्या एका भीतीपोटी आपली माणसे चुकीच्या रांगेत तासभर उभी राहतात, पुढच्या मनुष्यामागून मुकाट्याने चालू लागतात, आणि तो मनुष्य भलत्याच गावचा निघतो. हा विनय नव्हे. हा विनयाचा वेष घेतलेला अहंकार आहे. कारण “मला ठाऊक नाही” हे तीन शब्द उच्चारण्याची त्याची तयारी नसते.

प्रभू रामचंद्रांचे चरित्र पाहा. अयोध्येहून निघालेल्या प्रभूंनी गंगा ओलांडली ती निषादराज गुहाने सिद्ध केलेल्या नावेतून. पुढे प्रयागी भरद्वाज मुनींच्या आश्रमी येऊन त्यांनी राहावयास योग्य असे स्थान विचारले. मुनींनी चित्रकूट सांगितला, वाट सांगितली आणि यमुना कशी उतरावी तेही सांगितले. त्याप्रमाणे लाकडांचा तराफा बांधून ते तिघे पार झाले. जो स्वतः जगाचा तारक, त्याने नावाड्याची नाव घेतली आणि मुनींना वाट विचारली. त्यात त्याची थोरवी तसूभरही उणी झाली नाही. मग आपली अशी कोणती प्रतिष्ठा, की जी वाट विचारल्याने जावी?

आपण देवक्षेत्राला तीर्थ म्हणतो. तीर्थ ह्या शब्दाचा मूळ अर्थ उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. जेथे मनुष्य एका तीरावरून दुसऱ्या तीराला जातो, तेथे तो सर्वांत असहाय असतो. मागचा तीर सुटलेला असतो आणि पुढचा हाती आलेला नसतो. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी अशा ठिकाणी घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, पाणपोया घातल्या. दोन विमानतळांमधील ही वाट म्हणजे आजच्या काळाचा तसाच एक उतार आहे. एक विमान सुटले, दुसरे मिळालेले नाही, आणि मध्ये एक अनोळखी नगरी.

येथे पुत्रांस आणि कन्यांस एक बोल लावणे माझे कर्तव्य आहे. माईच्या मुलाने दोन निरनिराळ्या कंपन्यांची तिकिटे वेगवेगळी काढली होती, कारण ती मिळून काही हजार रुपयांनी स्वस्त पडत होती. आईवर त्याचे प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? पण प्रेमाला विचाराची जोड नव्हती. एका तिकिटावर सबंध प्रवास असला, तर पहिल्या विमानाला उशीर झाला तरी पुढे पोहोचविण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनीवर असते. दोन तिकिटे वेगळी असली, म्हणजे दुसरी कंपनी पहिलीच्या उशिरास बांधलेली नसते. विमान चुकले की तिकीटही बुडाले. शिवाय सामान थेट पुढे जात नाही. ते मध्ये उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते. जो तरुण स्वतः दहा वेळा विमानात बसला, त्याला हे ओझे वाटत नाही. जिने पणजीच्या पलीकडची बसही एकटीने पकडली नाही, तिच्यासाठी तो डोंगर आहे. बालपणी जिने आपले बोट धरून जत्रेच्या गर्दीतून नेले, तिला परक्या शहरात विनाबोटाची सोडू नये. शक्य तर एकाच विमानतळावर बदल असलेले तिकीट काढावे. चार पैसे अधिक गेले, तर ते आईच्या चरणी वाहिले असे समजावे.

माईच्या मुलाला त्याच रात्री दूरध्वनी गेला. तो मनातून फार ओशाळला. त्याने वाटेचा व्हिसा काढविला, आणि पुढचे विमान साडेतीन तासांऐवजी नऊ तासांनंतरचे घेतले. माईने मात्र दुसरीकडून जाण्यास नकार दिला. ती म्हणाली, “आता मला ठाऊक झालंय. ठाऊक असलेल्या वाटेची भीती कसली?”

ती गेली आणि तीन महिन्यांनी नातवाचे तोंड पाहून परतली. देवळात येऊन तिने जे सांगितले, ते सर्वांच्या उपयोगाचे म्हणून येथे देतो.

मुंबईस सामान देताना तिने पहिला प्रश्न केला: “हे कुठपर्यंत जाईल?” उत्तर मिळाले, लंडनपर्यंत. म्हणजे सामान हीथ्रोला उतरवून घ्यावयाचे, हे तिने मनाशी पक्के केले. घड्याळाचा घोटाळाही तिने आधीच समजून घेतला होता. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. लंडनचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या मागे, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास. हीथ्रोला उतरल्यावर पासपोर्ट पाहणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तिने पुढचे तिकीट, लिस्बनचा व्हिसा आणि मुलाचा पत्ता हे तिन्ही कागद एकत्र ठेवले. त्याने दोन प्रश्न विचारले आणि वाट मोकळी केली. मग सामान घेतले. रांगा आणि सामान यांतच जवळजवळ दोन तास गेले. साडेतीन तासांच्या हिशेबाचे काय झाले असते, हे तिला तेथे उभ्या उभ्या समजले.

हीथ्रो ते गॅटविक अशी थेट आगगाडी नाही. आगगाडीने जावयाचे तर लंडन शहरातून, मध्ये गाडी बदलून जावे लागते. ज्याच्याजवळ सामान आहे आणि जो प्रथमच आला आहे, त्याला मोठी बस बरी. ती शहराबाहेरच्या एम-पंचवीस ह्या वळणरस्त्याने जाते आणि एक ते दीड तास घेते. रस्ता तुंबला तर अधिक. बसच्या स्थानकाकडे जाताना माईला दोन पाट्या दिसल्या आणि ती गोंधळली. मुलाने पुन्हा पुन्हा बजावले होते, “आई, गोंधळलीस की थांब, आणि विचार.” जवळच एक बाई फरशी पुसत होती. माईने तिच्यापुढे कागद धरला. ती बाई पंजाबी निघाली. तिने हातातले काम ठेवले, माईची गाडी ढकलीत तिला स्थानकापर्यंत नेले आणि बसचालकाला सांगितले, “ह्यांना गॅटविकला उतरवा.” माई म्हणाली, “बुवा, तिच्या रूपानं देवीच आली होती.” मी म्हटले, “खरे आहे. पण माई, तुम्ही विचारले म्हणून ती आली.”

गॅटविकलाही दोन भाग आहेत, उत्तर आणि दक्षिण. त्यांच्यामध्ये विनामूल्य छोटी गाडी धावते. आपले विमान कोणत्या भागातून सुटते, ते आधीच कागदावर लिहून ठेवावे. तेथे सामान पुन्हा द्यावयाचे, तपासणी पुन्हा व्हावयाची. माईजवळ शेवटी तीन तास शिल्लक होते. त्या तीन तासांत तिने जपमाळ ओढली. घाईत असलेल्याला नामस्मरणही सुचत नाही. ज्याने वेळ राखला, त्यालाच ते लाभते.

आणखी एक गोष्ट ध्यानी असू द्या. वृद्धांसाठी चाकाच्या खुर्चीची व मदतनिसाची सोय विमान कंपनीकडे आधी मागता येते. निदान दोन दिवस अगोदर सांगावे. मात्र ही मदत सहसा त्या त्या विमानतळाच्या हद्दीपुरती असते. एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत मदतनीस बसमध्ये सोबत येत नाही. मदत मागितली आहे म्हणून मधली वाट सोपी झाली, असे मानू नये. दुसऱ्या विमानतळासाठीही ती स्वतंत्रपणे सांगून ठेवावी.

आणि तो कागद! माईने तो आता देवीच्या तसबिरीमागे ठेवला आहे. त्यावर मुलाने इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते: कोठून आले, कोठे जावयाचे, विमानाचा क्रमांक, सुटण्याची वेळ, विमानतळाचा भाग आणि मुलाचा दूरध्वनी. खाली मराठीत तेच. ज्याची भाषा परकी, त्याचा तो कागद हीच वाणी. भ्रमणध्वनीची शक्ती संपते; कागदाची संपत नाही.

सज्जनहो, विचारणाऱ्याचा जसा धर्म आहे, तसा सांगणाऱ्याचाही आहे. आपल्या सभासद कुटुंबांत आता परदेशची वाट तुडविलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांनी आरतीनंतर घटकाभर बसून, ज्यांना जावयाचे आहे त्यांचे कागद पाहावेत. हे काही मोठे दान नव्हे. पण वाटेवरच्या पाणपोईचे जे पुण्य, तेच ह्याचे आहे. सांगताना एकच पथ्य पाळावे. जे ठाऊक नाही, ते “असेल तसे” म्हणून सांगू नये. त्या श्रावण सोमवारी माझ्या ओठांवर आलेला “होय” बाहेर पडला असता, तर माई त्या एका शब्दावर विसंबून मुंबईस गेली असती आणि तेथून रडत परतली असती. तिला दुखवू नये म्हणून मी बोलणार होतो; पण न जाणता दिलेला दिलासा हीसुद्धा एक प्रकारची हिंसाच. तो दोष माझ्या पदरी पडणार होता, तो देवाने टाळला. आता माई स्वतः रविवारी चौकात बसते आणि कोणी कागद घेऊन आले की आधी चष्मा लावते, तीन अक्षरे वाचते आणि विचारते, “उतरायचं कुठं, चढायचं कुठं?”

संसारही असाच एक उतार आहे. एका ठावाहून निघालो आहोत, दुसऱ्या ठावाला पोहोचावयाचे आहे, मधली नगरी आपली नव्हे. तेथे जो नावावर भुलत नाही, वेळ राखतो, नम्रतेने वाट विचारतो आणि मागून येणाऱ्यास ती सांगतो, त्याचा प्रवास सुखाचा होतो.

आपल्यापैकी जे कोणी आज वाटेवर असतील, त्यांस श्रीचरणांची सावली लाभो, आणि त्यांना विचारण्याची बुद्धी व सांगणारा सज्जन वेळेवर भेटो, हीच प्रार्थना.

शुभं भवतु।